पंखे रंगवणाऱ्याचा मुलगा

पॅरिस,
११ ऑक्टोबर १७८७

चि. बार्नाबे यास ताईचे आशीर्वाद.

लियाँहून पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. नगरभवनाच्या भिंतीचं काम मनासारखं चाललंय, जेवणखाणही चांगलं मिळतंय, हे वाचून बरं वाटलं. इकडे थंडी लवकर पडली. खालच्या मजल्यावरच्या मादाम पेतों अजून जिन्यात उभ्या राहून सगळ्यांची उणीदुणी काढतात. तुझं नाव मात्र आदराने घेतात. "तुमच्या बार्नाबेचं चित्र बघून आमच्या जावयाने दारू सोडली," असं सांगत होत्या. चार दिवसांत त्याने पुन्हा धरली, पण ते तू मनाला लावून घेऊ नकोस.

तू निघून गेल्यावर लोक चित्राबद्दल काय बोलत होते, असं विचारलंयस. कौतुकच करत होते. रणातून पळालेल्या पोटच्या पोराला देहदंड फर्मावणारा तुझा तो रोमन सेनापती, त्याचा तो ताठ हात! लूव्रच्या त्या दालनात त्याच्यासमोर माणसं आवाज खाली करून बोलायची. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "याला म्हणतात नीती! नाहीतर ते गुलाबी गाल आणि उघड्या पोटऱ्या. त्या थेरांनीच देश नासवला." बाई मात्र चित्राच्या उजव्या कोपऱ्यात रडणाऱ्या बायकांकडे बघत होत्या.

गुलाबी गाल म्हणजे आपल्या बाबांसारख्यांचे, हे तुला सांगायला नको. मी बाबांना संत म्हणत नाही. सरदारांच्या शेजघरांसाठी त्यांनी जे काढलं, त्यातलं काही बघून आई चिडायची आणि तिचं बरोबर होतं. पण त्या उघड्या पोटऱ्यांवर तू जेवलास, चित्रकला शिकलास आणि रोमला जाऊन आलास.

प्रदर्शन सुरू झालं त्या आठवड्यात मी त्यांना घेऊन आले होते, आठवतं ना? त्यांनी निळा कोट घातला होता. कोपराला मी ठिगळ लावलं होतं, ते दिसू नये म्हणून हात अंगाशी धरून चालत होते. तुझ्याभोवती बडी माणसं उभी होती. बाबा जवळ आले, तुझ्या खांद्याला हात लावला. एकाने विचारलं, "हे कोण?" आणि तू म्हणालास, "जुने ओळखीचे. पंखे रंगवतात."

बाबांनी वाकून नमस्कार केला. म्हणाले, "हो महाराज, पंखे. उकाड्यात बरे पडतात." सगळे हसले. तूही हसलास.

परत येताना पुलावर ते थांबले. मला वाटलं, आता तुझ्याबद्दल काहीतरी बोलतील. तर म्हणाले, "हात फार चांगला काढलाय पोराने. मला असा जमला नसता." मग जरा वेळाने, "कोपऱ्यातली ती तोंडावर हात धरलेली, ती तू आहेस. कधी बसलीस गं त्याच्यासमोर?"

मी बसले नव्हते, बार्नाबे. त्यांना मी तेव्हाच सगळं सांगितलं. माझी लेक रोझ गेली त्या दिवशी तू आलास, दारात उभा राहिलास. मला वाटलं, भाऊ आलाय, त्याला काय बोलावं सुचत नाहीये. मग मला कोळसा कागदावर घासल्याचा आवाज आला. मी मान वर केली, तर तू म्हणालास, "ताई, हात तोंडावरून काढू नकोस. थोडाच वेळ." आणि मी नाही काढला. पोर शेजारच्या खोलीत होती.

बाबा ऐकून घेत होते. नंतर म्हणाले, "तू लहान असताना मी तुला झोपाळ्यावर काढायला घेतलं होतं. घेणारा तयार होता. तुला चक्कर यायला लागली, उतरव म्हणालीस. मी उतरवलं. ते चित्र तसंच राहिलं." इतकंच बोलले आणि चालायला लागले.

त्या चित्रात तू काढलेला बाप पोराला मरणाला पाठवतो आणि लोक त्याला सद्गुण म्हणतात. आणि कोपऱ्यातली मी कोण? सद्गुणाने जिच्याकडे बघायचं नसतं ती. लोक तुझ्या चित्रापुढे उभे राहून चांगले होतात म्हणे. होत असतील. माझ्या लेकीच्या मरणावर कोणी चांगलं झालं तर मी काय बोलणार?

मग सप्टेंबरात तुझं ते पत्र आलं. तुझं नाव आता मोठ्या ठिकाणी घेतलं जातं, तेव्हा बाबांनी पंख्यांवर आणि डब्यांच्या झाकणांवर 'तिरेल' लिहू नये, लोकांचा घोटाळा होतो. मी ते चुलीत घालणार होते. त्यांनी मागून घेतलं आणि उजेडात नेऊन वाचलं. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले. वाळत ठेवलेले पंखे खाली घेतले आणि चाकूच्या टोकाने स्वतःचं नाव खरवडून काढलं. एका पंख्याचं रेशीम फाटलं, तेव्हा तेवढे रागावले. रेशमावर.

त्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही. खोकला होताच, तो छातीत उतरला. डॉक्टरांनी रक्त काढलं, त्याने आणखी खचले.

मी पानभर जिन्यातल्या गप्पा लिहिल्या, कारण हे कसं लिहावं कळत नव्हतं. बाबा गेले, बार्नाबे. सोमवारी दुपारी. काल माती दिली. मादाम पेतों आणि मी, शिवाय त्यांच्यासाठी रंग घोटणारे म्हातारे कोलास, एवढेच होतो.

सकाळी शुद्धीवर होते तेव्हा म्हणाले, "बार्नाबेला लगेच कळवू नकोस. काम अर्धवट टाकून धावत येईल." मी म्हटलं, "नाही येणार तो, बाबा." त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. ऐकू गेलं नसेल तर बरं.

मी महिनाअखेर ही जागा सोडतेय. जूयीच्या छापील कापडाच्या कारखान्यात फुलं काढायचं काम मिळालंय. तिथे कोणी नीती विचारत नाही, रंग धुतल्यावर टिकला पाहिजे एवढंच. तू इकडे येण्याची घाई करू नकोस. आणि पत्र लिहिलंस तर एक विचारू नकोस. शेवटी त्यांचा चेहरा कसा होता, मान कुठल्या बाजूला होती, हात कसे पडले होते. आज ना उद्या एखादा मरणारा म्हातारा तुला काढावा लागेल, मला माहीत आहे. मी शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होते. मी सगळं पाहिलंय, आणि ते मी तुला देणार नाही.

अँसेल्म तिरेल यांची मुलगी,
क्लोतिल्द