शनिवारच्या वर्गाची खोली

मी पुंडलिक सखाराम भोयर, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, शिक्षण सातवी नापास, राहणार बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाचा धाक अगर आग्रह नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो हरवला तर म्हणून दुसराही घेऊन ठेवला आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती बरीच आहेत.

१. घर आणि शेत मी माझ्या कष्टाने घेतले आहे, वडिलोपार्जित नाही. यावर कोणी भाऊबंदाने हक्क सांगू नये.

२. पत्नी सौ. कोकिळा हिला घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील आणि बँकेतली ठेव तिची राहील. तिने रात्री मागच्या दाराचे कुलूप ओढून पाहावे. हे तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "तुमी मेल्यावरबी कुलूप पाहाले यान." तरी लिहून ठेवतो.

३. शेत आणि कोकिळेच्या पश्चात घर, सहाव्या कलमातली खोली सोडून, मुलगा अवधूत याचे राहील. शेतातल्या विहिरीला मी कठडा बांधला आहे तो पाडू नये. त्याचे कारण असे. सून केतकी आमच्या घरी शनिवारी मुलांचा वर्ग घेते, त्यात तिने थेलीस नावाच्या ग्रीक ज्ञानी पुरुषाची गोष्ट सांगितली. तो आभाळातले तारे पाहत चालला होता आणि विहिरीत पडला. मुले हसली. मी मात्र दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावले. आमच्याही घरी आता वर पाहत चालणारी मुले येतात.

४. शेजारी बबनराव यांनी नेलेली माझी लोखंडी शिडी त्यांनी ठेवून घ्यावी, पण एका अटीवर. भर चौकात ते मला म्हणाले होते, "पुंडलिकराव, तुमची सून पोराईले मेलेल्या लोकाईचं शिकवून राह्यली म्हणे. त्याचा उपयोग काय? सोयाबीनले भाव भेटते का त्यानं?" तर बबनरावांनी एका शनिवारी वर्गात येऊन उपयोग म्हणजे काय ते मुलांना समजावून सांगावे. मुलांचे समाधान झाले की शिडी त्यांची.

५. या वर्गाविषयी लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मिळकतीत मला त्याचाच जास्त अभिमान आहे. केतकी तत्त्वज्ञानात एम.ए. आहे. नात सुरभीला शाळेत करमेना म्हणून तिने तिला घरीच शिकवायला घेतले. मी घाबरून गेलो, पोरीचे पुढे काय होणार म्हणून जेवण जाईना. मग घरीच शिकणारी दुसरीही मुले शनिवारी येऊ लागली. देवसिंग राठोड आपल्या मुलीला, अपेक्षाला, आर्णीहून मोटारसायकलवर आणतात.

वर्गाची रीत अशी की, एकाने काही म्हणायचे आणि बाकीच्यांनी "काहून?", म्हणजे "का?", विचारत राहायचे. सॉक्रेटिस अथेन्सच्या बाजारात असेच विचारत फिरायचा. मी दाराजवळच्या खुर्चीत बसतो. एकदा केतकीने मलाच विचारले, "बाबा, हिंमत म्हणजे काय?" मी म्हणालो, "न भिणे."

अपेक्षा लगेच म्हणाली, "आबाजी, तुमी त गॅसच्या शेगडीलेबी भेता. मंग पुरात बैल सोडाले काहून गेलते?"

"बैल बुडला असता, बाई."

"तवा भेव नव्हतं लागलं?"

"लय लागलं."

"मंग भेणाऱ्यातबी हिंमत राह्यते ना?"

अकरा वर्षांच्या पोरीने मला सगळ्यांसमोर हरवले. मी ते घरोघर सांगत फिरलो. आजवर मला सगळे भित्रा म्हणत आले, पहिल्यांदाच कोणी हिशेब वेगळा मांडला होता. ही खुर्ची अपेक्षाला द्यावी. मागचा पाय हलतो, जपून बसावे.

६. रस्त्याकडची बैठकीची खोली सून केतकी हिची राहील. <s>मात्र ती या खोलीत शनिवारचा वर्ग चालवील तोपर्यंतच. वर्ग बंद झाल्यास खोली अवधूतकडे जाईल.</s>

यातली अट मी स्वतः खोडली आहे. कोणी खाडाखोड केली असे वकिलाने समजू नये. नागपूरच्या एका महाविद्यालयाने केतकीला शिकवायला बोलावले आहे. अवधूतला त्या खोलीत बी-बियाण्याचे दुकान टाकायचे आहे. ती गेली तर वर्ग बुडेल, या भीतीने मी अट घातली आणि पक्की आहे ना हे पाहायला मागच्या शनिवारी वर्गात वाचली. केतकी खाली पाहत राहिली.

अपेक्षा म्हणाली, "आबाजी, तुमी केतकीमावशीले खोली देऊन राह्यले का बांधून ठेवून राह्यले?"

"देऊन राह्यलो."

"मंग अट काहून?"

"वर्ग चालावा म्हणून."

"अटीमुळं चालला त तो वर्ग कायचा? इथं त कोणीबी जबरीनं नाही बसत."

सुरभीने पाणी आणून दिले. मग मी सगळ्यांदेखत पेन घेऊन ती ओळ खोडली. अवधूत दारात उभा होता. तो म्हणाला, "बाबा, मंग बबनकाकाची अट?" मुलांनी ती एकमताने कायम ठेवली.

तेव्हा खोली केतकीची, बिनशर्त. तिने नागपूरला जावे की राहावे, वर्ग चालवावा की खोली भाड्याने द्यावी, हे तिने ठरवावे. तिने अजून काही सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. न विचारणे मला किती जड जाते हे घरच्यांना माहीत आहे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निवृत्त शिक्षक नीळकंठराव ढोले यांनी करावी.

खोडलेल्या ओळीशेजारी मी सही केली आहे. माझा हात कापतो, बँकेत सही जुळत नाही म्हणून नेहमी परत पाठवतात. ही मात्र एका दमात सरळ आली आहे. बँकेने नमुन्यासाठी हीच घ्यावी.

(सही) पुंडलिक सखाराम भोयर

आम्हा दोघांसमक्ष पुंडलिकरावांनी सही केली आणि आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. नीळकंठ महादेव ढोले, बाभुळगाव
२. देवसिंग रामसिंग राठोड, आर्णी

ठिकाण: बैठकीची खोली, बाभुळगाव
शनिवार, दिनांक २२ नोव्हेंबर २०२५