किनारा चार मीटर वर आला

प्रिय कोहेई,

आई गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तू ताटावरून उठून गेलास, त्याला पंधरा महिने झाले. तुझी खुशाली तुझ्या बायकोकडून, नात्सुमीकडून कळते. तुमची धाकटी चालायला लागली म्हणे. मी बरी आहे. म्हणजे दुखत काहीच नाही. सकाळी उठते, भात लावते, कामावर जाते.

काम तेच. उपग्रह वरून जातो आणि आम्ही त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फेरीतली चित्रं एकमेकांवर ठेवून जमीन किती हलली ते मोजतो. शाळेतली मुलं बघायला येतात. त्यांना मी सांगते की भूपट्टांच्या कडा वरून अशा आखलेल्या दिसत नाहीत, त्यांच्या रेटारेटीच्या खुणा तेवढ्या दिसतात. डोंगरांची रांग, सुरीने कापल्यासारखा एखादा किनारा. परवा एका मुलीने विचारलं, "तुमचं गाव दिसतं का हो?" मी तिला नोतो द्वीपकल्पाचा किनारा दाखवला, आपल्या कुरोसे गावावर बोट ठेवलं आणि पुढचं चित्र लावलं.

भूकंप झाला त्या नववर्षाच्या दिवशी सुट्टीतली कामाची पाळी मीच मागून घेतली होती, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशीच्या फेरीचं चित्र माझ्याच टेबलावर आलं. आपल्या गावाबाहेर समुद्राच्या कडेने पांढरी पट्टी उमटली होती, आदल्या चित्रात नसलेली. आई ज्या खडकांवरून शेवाळ खरवडायची ते सगळे पाण्याबाहेर येऊन पांढरे पडले होते. बंदराचा तळ उघडा होता आणि बाबांची होडी त्यावर कलंडलेली. मी मोजलं. जवळजवळ चार मीटर. आकडा दोनदा तपासला आणि पुढे पाठवला. आई सापडत नाहीये, हे तेव्हा मला कळलेलं होतं. तरी मी आकडा तपासला. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मोजणीच्या खुणा बसवायला गावी गेले. घर तिरकं होऊन उभंच आहे. आईचा चहाचा कप मोरीतच उपडा. बाबा तात्पुरत्या घरांतून चालत आले, दोरी धरायला मदत केली. बंदर खोल करतायत. बाबा म्हणाले, "एवढी वर्षं समुद्राकडे आम्ही जायचो. आता तोच रुसून लांब बसलाय." मी हसले. मग त्यांना विचारलं, कोहेईला तुम्ही खरं का नाही सांगितलंत?

ते खरं असं आहे. मोठा धक्का बसल्यावर तिसऱ्या खेपेला माझा फोन आईला लागला. ती घरीच होती, एकटी. म्हणाली, "अगं, गॅस बंद केलाय. चहा सांडलाय तेवढा पुसते." मी ओरडले, "पुसू नकोस! लाटा येतील, वरच्या देवळाच्या वाटेने पळ!" ती म्हणाली, "तुझ्या उपग्रहाला विचार, कुठल्या चपला घालू?" मी तिला शिवी दिली, कोहेई. आयुष्यात पहिल्यांदा. ती निघाली. वाटेत तिने बाबांना फोन केला, की चिहारु ओरडतेय, मी वर चालले. मग त्या वाटेवर डोंगर खाली आला.

पाणी घरापर्यंत आलंच नाही. जमीनच वर उचलली गेली होती. बंदराच्या कठड्याशी लाट थांबली. कार्यालयात सगळे म्हणतात, तू सांगितलंस ते बरोबरच होतं, कुणीही तेच सांगितलं असतं. खरं आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

एकोणपन्नासाव्या दिवशी तू बाबांना म्हणालास, "तिला घरात थांबू द्यायचं होतंत. तुम्ही तिला त्या डोंगरावर पाठवलंत." बाबा म्हणाले, "हो, मीच सांगितलं." मी समोर बसले होते. वाटीतला टोफू मोडत राहिले.

बंदरावर त्यांनी मला उत्तर दिलं ते असं. "त्याला माझ्यावर रागावू दे. मी म्हातारा, माझ्यावर किती वर्षं रागावेल? तुझ्यावर राग धरला तर जन्मभर पुरेल." आणि दोरी गुंडाळायला लागले. त्यांचा डावा हात आता नीट उचलला जात नाही. कुणाला सांगू नकोस म्हणाले.

म्हणून हे पत्र. तो निरोप माझा होता. राग धरायचा तर माझ्यावर धर, मी तो नाकारणार नाही. मला क्षमा नको आहे, मिळाली तरी ती कुठे ठेवू हे आज कळणार नाही. बाबांना फोन कर. नंबर तोच आहे. सकाळी सातच्या आत कर, नंतर ते बंदरावर जाऊन बसतात आणि फोन घरीच राहतो.

तू म्हणू देशील तोवर तुझीच ताई,
चिहारु