बाबांची न उघडणारी पत्रं

रविवार, कर्वेनगर. दिवेलागणीची वेळ.

आज जुन्या ईमेलमध्ये बाबांची पत्रं सापडली. मी जर्मनीत होते तेव्हाची, नारायण पेठेतल्या सायबर कॅफेत बसून त्यांनी एका बोटाने टाइप केलेली. उघडली, तर मराठीचा पत्ता नाही. नुसती टोप्या घातलेली परकी अक्षरं!

लेक म्हणाली, "आई, तेव्हा प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा असायचा. सगळ्यांसाठी एकच पद्धत नंतर रुळली. आजोबांचा फॉन्ट आता कुठेच मिळत नाहीये."

बाबांनी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. मी तेव्हा म्हटलं होतं, अहो बाबा, इंग्रजी अक्षरांत लिहा, सोपं पडेल. तर म्हणाले, "मराठी पत्र मराठीतच लिहावं, असा आमचा एक जुना समज आहे." मग फॉन्टची सीडी विकत आणली, कॅफेवाल्याच्या मागे लागून बसवून घेतली, मलाही तोच फॉन्ट घ्यायला लावला. एवढं करून शेवटी या टोप्या.

इतकं काय लिहायचे ते? तेव्हा तरी मी नीट वाचलं होतं का?

माझी उत्तरं मात्र स्वच्छ उघडली. इंग्रजी अक्षरांत, प्रत्येकात तीच एक ओळ: बाबा, घाईत आहे, नंतर सविस्तर लिहिते.