शेवटचा डा

पिंपरी पेंढार

प्रबुद्धदादा, जय भीम.

तुझा जलदान विधी झाल्यावर तुझी हॅम रेडिओची मोर्स की कपाटातून मीच काढली. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून तुझ्या मोबाईलमधली तुझीच रेकॉर्डिंग लावायचे आणि तसंच वाजवायचे. आखूड डिट, लांब डा.

काल तुझ्याशी रेडिओवर बोलणाऱ्या आळ्याच्या गोरखकाकांना म्हटलं, माझ्या हॅमच्या परीक्षेआधी एकदा फोनवर ऐका.  ऐकून म्हणाले, "पोरी, परत्येकाचा की वाजवायचा हात सहीसारखा असतो. शेवटचा डा असा ओढायचा तो फक्त प्रबुद्ध. त्याचं बोट कडबाकुट्टीत गेलं व्हतं, वाकायचं न्हाई. तुझं बोट बरंय ना?"

बरंय. पण शेवटचा डा आखूड करायला गेले, तर बोट लवकर उचलेचना.

म्हणून आज दुपारी ठरवलं, एकदा माझं स्वतःचं नाव वाजवायचं आणि की ठेवून द्यायची. आई पलीकडं चुलीपाशी होती. तिला मोर्सचं अक्षर कळत नाही, पण तुझं वाजवणं तिनं भिंतीआडून वर्षानुवर्षं ऐकलंय. तू गेल्यापासून तिनं तुझं नाव घेतलं नव्हतं. माझं नाव वाजवून संपलं, तशी भिंतीपलीकडून म्हणाली,

"प्रबुद्धा, बास कर आता. भाकर गार व्हतीय."

मी जाऊन जेवायला तुझ्या जागेवर बसले. तिनं माझ्याकडं न बघता भाकर कुस्करून ताटात दिली, तुला मोडता यायची नाही म्हणून द्यायची तशी.

मला मोडता येते का, ते मी बघितलं नाही.

तुझी बहीण, अजून तरी,
तेजस्विनी