ढिली दोरी

४ जुलै

चि. दगडूबाईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या भूगर्भ खात्यात दगडांची विचारपूस आटोपली असेल तर जरा माणसांचीही कर. इथे पाऊस हात धुऊन मागे लागलाय. फोनने मान टाकलीय, म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हाती देतोय. लाँड्री मात्र जोरात आहे. इस्पितळाच्या सगळ्या चादरी आता आपल्याकडे येतात. हे काम हातचं गेलं तर आपलं शटर कायमचं खाली आलंच म्हणून समज.

आणि नेमके त्याच चादरींवर तांबडे डाग! घरामागे बाबांनी बांधलेल्या दगडी भिंतीत पाणी निघून जायला भोकं आहेत ना, त्यांतून गढूळ पाणी थेट वाळणाच्या शेडमध्ये उडत होतं. तुझी वहिनी रडकुंडीला आली. मी सिमेंट कालवलं आणि एकूण एक भोक बुजवून टाकलं. आता भिंत ठणठणीत कोरडी. आई म्हणाली, पोरगा अखेर कामाचा निघाला.

तू लिहीत जा, नाहीतर आई माझं डोकं खाते.

तुझा,
दादा


७ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचल्या वाचल्या लिहायला बसले. ती भोकं बाबांनी हौसेने ठेवली नव्हती. आपला डोंगर बाहेरून काळाकभिन्न दिसतो, पण आतून तो कुजलाय. वर्षानुवर्षं फटींतून पाणी मुरून दगडाचा मुरूम झाला, मुरमाची माती झाली. त्याखालचा कातळ अजून शाबूत आहे, आणि तो आपल्या घराकडेच कललेला आहे. पावसाचं पाणी मुरमातून खाली उतरतं, कातळापाशी अडतं आणि तिथली माती बुळबुळीत होते. कलत्या ओल्या फरशीवर साबणाची वडी ठेवून बघ, म्हणजे कळेल. तुझी कोरडी भिंत आता ते सगळं पाणी पाठीवर घेऊन उभी आहे.

बाजूला उभा राहून भोकं फोड, समोर थांबू नकोस. आणि पाऊस ओसरेपर्यंत तिघंही मावशीकडे जा. मी भित्री आहे म्हण, अतिशहाणी म्हण, पण जा.

आईला नमस्कार. वहिनीला सांग, माझी भिस्त तिच्यावर आहे.

तुझी,
दगडूबाई


१२ जुलै

चि. दगडूबाईस अनेक आशीर्वाद.

सरकारी हुकूम पोचला. भोकं फोडली. शेडमधली तेवढी बंदच ठेवलीत, पुन्हा डाग पडले तर इस्पितळवाले मला फाडून खातील. पाणी आधी धो धो आलं, मग बारीक धार, आणि आता टिपूसही नाही. पाऊस चालूच आहे, म्हणजे डोंगर रिकामा झाला. झालं समाधान? मावशीकडे जायचं नाव काढलं तर आईने भांडी आपटली. नवऱ्याने बांधलेल्या भिंतीवर तिचा तुझ्या पुस्तकांपेक्षा जास्त विश्वास आहे.

माझं खरं भांडण सध्या दोरीशी आहे. भिंतीमागच्या उतारातल्या खुंटापासून शेडमधून घराच्या कडीपर्यंतची आपली ती सुती दोरी. सकाळी ताणतो, संध्याकाळी चादरी जमिनीला टेकतात. नवी आणली, तीही तसलीच. दुकानदाराने दोनदा टोपी घातली मला.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


१४ जुलै

दादा,

मायना राहू दे. बसवाल्याला हातापाया पडून सांगितलंय, ही चिठ्ठी तुझ्याच हातात द्यायची.

पाऊस चालू असताना भोकांतलं पाणी थांबलं, याचा अर्थ पाणी संपलं असा नाही. आतल्या गाळाने त्याची वाट बुजली असणार. आणि दोन-दोन दोऱ्या खोट्या निघतात का रे? आपण लाँड्रीवाल्याची पोरं. ओली सुती दोरी आखडते, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. दोरी लांबत नाहीये. खुंट जवळ येतोय.

डोंगर निघालाय, दादा. आईला उचलून ने, पण आत्ता बाहेर पडा. मला फार भीती वाटतेय.


१६ जुलै

चि. दगडूबाईस,

आधी हे वाच: आम्ही तिघं सुखरूप आहोत.

तुझी चिठ्ठी हातात पडली तेव्हा मी दोरीच ताणत होतो. ती तशीच टाकून घरात धावलो. आई काही केल्या हलेना. मग मी म्हणालो, “इस्पितळातली बाई म्हणते, चादरी तुझ्या आईने मोजून दिल्या तरच घेईन.” धादांत खोटं. पण आईने चष्मा लावला आणि मला अक्कल शिकवत टेम्पोत चढून बसली. वहिनीने धुतल्या-न धुतल्या सगळ्या चादरी आत कोंबल्या.

इस्पितळाच्या दारात आई मोजत होती तेव्हा आवाज झाला. मी परत धावलो. घर, शेड, हौद, काही दिसत नव्हतं. रस्त्यापर्यंत तांबडा चिखल, आणि त्यात भिंतीचा एक तुकडा. त्यातलं भोक माझ्या सिमेंटने घट्ट बंद होतं. मी तिथेच बसून रडलो गं.

रात्री इस्पितळाने आम्हाला झोपायला खाटा दिल्या. आपल्याच चादरी. आईने कोपरा चाचपला, इस्त्री कच्ची आहे म्हणाली, आणि मग तोंडावर तीच चादर ओढून घेतली.

लाँड्री पुन्हा उभी करायची आहे. जागा ठरवलेली नाही. रजा काढून ये. आधी तू जमीन बघ, मग मी खुंट ठोकतो.

वाट बघतोय.

तुझा,
दादा