जामसरचा पोल

दिपेश यास,

कोविड होऊन गेला, तरी मला अजून दम पुरत नाही. कामावर परतताना मी साहेबांकडे काही महिने सबस्टेशनात बसून करायचं काम मागणार होते. तू म्हणालास, "मागू नकोस. कमजोर म्हणून बाजूला काढतील. पोलवर मी चढतो, तू खाली थांब."

मी ऐकलं. तू माझ्या जागी चढत राहिलास आणि ऑफिसात सांगत राहिलास, "मंजुषा एकदम ठणठणीत."

म्हणून आज जामसरची वीज गेल्यावर साहेबांनी मला एकटीलाच तिथे पाठवलं. अर्ध्या पोलवर श्वास संपला. हात सुटले आणि मी सेफ्टी बेल्टवर लोंबकळले. खालून एक म्हातारी म्हणाली, "उतर गं बाय. आज आमी अंधारात जेवू."

उतरून साहेबांना फोन केला, खरं सांगितलं. ते म्हणाले, "दिपेश तर वेगळंच सांगतो. नाटकं नकोत."

श्वास माझा आहे, आणि त्याबद्दल साहेबांचा विश्वास तुझ्यावर.

हे पत्र तुला देणार नाही. वाचून तू एकट्यात माफी मागशील आणि मी नेहमीसारखी गप्प बसेन. उद्या ऑफिसात सगळ्यांसमोर तुला विचारणार आहे, इतके दिवस माझ्या जागी कोण चढत होतं.

मंजुषा
विद्युत सहायक, जव्हार