कमळला दिलेला शब्द

१० जानेवारी १९६३, चौल
दिवसभर बसून राहिले. कुणी आलं नाही! दवाखान्याच्या पडवीलगतच्या खोलीत डॉक्टरांनी मला एक टेबल दिलंय, दारावर पाटी – 'मनाचे आजार. गुरुवार ते शनिवार.' पाटी वाचून लोक घाईने पुढे जातात. मुंबईच्या वर्गात सगळं सोपं वाटत होतं. सुचित्राबाई शिकवताना म्हणाल्या होत्या, "श्यामला, तुझं एम.ए. अर्धं इथे, अर्धं त्या गावात." गावातलं अर्धं कठीण दिसतंय.

११ जानेवारी
पाटी काढली.

१७ जानेवारी
आज एक बाई सुनेला घेऊन आली. सासूचं नाव नीराबाई, सुपारीच्या वाडीत कामाला जाते. सून कमळ, वीसएक वर्षांची, पहिलटकरीण. मूल दोन महिन्यांचं. नवरा सदा मुंबईला गोदीत. कमळ जेवत नाही, झोपत नाही, मुलाकडे बघत नाही. नीराबाई म्हणाली, "बाहेरचं काय तरी हाय. अंगारा झाला, उतारा झाला. डाक्टर बोल्ले, तुमच्याकडं न्या."
कमळ तासभर गप्प. मीही गप्प. शिकवलंय तसं – पण गप्प बसणं किती अवघड असतं! शेवटी तिने विचारलं, "उद्या येऊ?"

१८ जानेवारी
आली. मूल घरी ठेवून. बोलण्याआधी शब्द मागितला – "कुनाला सांगनार न्हाय ना?" मी लगेच, "नाही सांगणार."
मग म्हणाली, "इहिरीवर पोराला नेते तवा वाटतं, हात सोडावा. आपन बी मागनं जावं." रडली नाही. साधं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.
मूल घरी. विहीर परसात. आणि मी सोमवारी मुंबईच्या वर्गात बसणार!
डॉक्टरांना गाठायचं ठरवलं, पण आधी तिलाच सांगितलं – "कमळ, शब्द दिला ते चुकले. हे लपवता येणार नाही. तुझ्यासमोरच बोलते, तुझ्यामागे नाही."
"तुमी बोल्ला हुता!" एवढंच. ती नजर विसरणार नाही.
डॉक्टर म्हणाले, हे बाळंतपणानंतर होतं, आजार आहे, बरा होतो. औषध दिलं. नीराबाईला बोलावून तिलाही हेच सांगितलं. मला वाटलं, आरडाओरडा करील, माहेरी धाडील. ती कितीतरी वेळ जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, "पोरगं माझ्यापाशी निजंल. पानी मी आनीन." आणि कमळचा हात धरून निघाली.

२१ जानेवारी, मुंबई
सुचित्राबाईंनी अहवाल वाचला. "सांगितलंस ते बरोबर. सरसकट शब्द दिलास, ते चूक. जिवाशी गाठ असेल तर सांगावं लागेल, हे आधीच बोलायचं असतं." वर्गात हे लिहून घेतलं होतं मी. स्वच्छ अक्षरात.

२४ जानेवारी, चौल
कमळ आली नाही.

२५ जानेवारी
नाही.

३१ जानेवारी
आली! नीराबाई मूल घेऊन बाहेर बसली. कमळ म्हणाली, "तुमच्यावरचा राग गेला न्हाय अजून." मग दोन तास बोलली. हिला वाचायला येत नाही म्हणून सदाने पत्रच धाडलं नाही, सगळ्या बायका फक्त पोराला बघायला आल्या, हिला कुणी जेवलीस का विचारलं नाही. जाताना पडवीत मुलाचं टोपडं सरळ केलं. अर्धं मिनिटच.

९ फेब्रुवारी
झोप लागते, कमळ म्हणते. सदा चार दिवसांच्या रजेवर आलाय. शेजारची एक बाई दारात घुटमळली – "मला बी झोप येत न्हाय, चालंल का?"

१६ फेब्रुवारी
नीराबाई आली. एकटी. दार आपणच लोटून घेतलं. म्हणाली, "सदा अडीच म्हैन्यांचा हुता. मी त्याला घेऊन समिंदरात उतरले हुते – गळ्यापत्तुर. पंचवीस वरसं झाली, कुनाला ठावं न्हाय." मग विचारलं, "डाक्टर बोल्ले, ह्यो आजार असतो. म्हंजी – मी वाईट नव्हते, बाई?"